आगगाडीतली आग

वेळणेश्वरला रेल्वे नाही. गुहागर तालुक्यातच ती नाही. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी आणि पश्चिमेला समुद्र, अशा या पट्टीतल्या माणसाला गाडी पकडायची तर वळणे घेत चिपळूण गाठावे लागते. या किनाऱ्याने वाफेवर चालणारे वाहन प्रथम पाहिले ते पाण्यावर, आणि त्याला ओळखले ते 'आगबोट' या नावाने. इंग्रजीने 'स्टीमर' म्हटले, म्हणजे वाफ पाहिली. मराठीने वाफेच्या मागची आग पाहिली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे लोखंडी रस्ता सुरू झाला तेव्हा जमिनीवरच्या वाहनालाही त्याच धर्तीचे नाव मिळाले: 'आगगाडी'. (गुजरातीतही हेच दोन शब्द आहेत, तेव्हा हा मान एकट्या मराठीचा नव्हे.) पुढे माडगूळकरांच्या बालगीतात तिची 'अगीनगाडी' झाली आणि मुलांच्या तोंडी ती अजूनही तशीच आहे. वाफेची इंजिने रोजच्या वाहतुकीतून जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. ज्यांनी इंजिनातला निखारा कधी पाहिला नाही, तीही मुले अगीनगाडीच म्हणतात.

या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गाडीत आग आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ती कुठे आहे हेही ठाऊक आहे. ती पुढे आहे, लोखंडी भट्टीत आहे, तिच्यासमोर दोन माणसे उभी आहेत. प्रवासी मागे बसले आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय ही आग नव्हे. भट्टी सोडून मागे डब्यात आलेली आग, ती विझवण्यासाठी माणसाने केलेल्या योजना, आणि ती लागली आहे किंवा नाही हे प्रवाशाला कोणी सांगायचे हा प्रश्न, असा हा विषय आहे. मुद्दाम लावलेल्या आगींचा विचार इथे केलेला नाही. तो इतिहास वेगळा आहे आणि त्याची साधनेही वेगळी आहेत.

अग्निशमनाच्या शब्दांत मराठीची एक गंमत आहे, ती इथेच नोंदवावीशी वाटते. आंघोळीचे पाणी ज्यात तापते तो बंब, आणि घराला आग लागली की धावत येतो तोही बंब. एकाच्या पोटात विस्तव, दुसऱ्याच्या पोटात पाणी. पाण्याच्या पंपासाठी असलेल्या पोर्तुगीज 'बोंबा' शब्दापासून हा शब्द आला असे मानतात. 'फायरमन'चेही असेच आहे. शहरातला फायरमन आग विझवतो. रेल्वेतल्या फायरमनचे सारे आयुष्य आग विझू नये म्हणून भट्टीत कोळसा लोटण्यात जाई. एकाच शब्दाने दोन विरुद्ध कामे चालवून घेतली, याचे कारण कदाचित हेच की दोन्ही कामांत माणसाची नजर आगीवरून हलता कामा नये.

ही नजर हललीच तर काय, याचा विचार रेल्वे जन्माला येण्यापूर्वीच झाला होता. १८०३ साली ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याने बनवलेल्या एका बॉयलरचा स्फोट झाला. त्यानंतर त्याने एक साधी युक्ती काढली. भट्टीच्या छताला भोक पाडून त्यात शिशाची गुडदी बसवायची. छतावर पाणी असेल तोवर पत्रा बेताचाच तापतो. पाणी खाली गेले की पत्रा तापू लागतो, सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला शिसे वितळते, आणि मोकळ्या झालेल्या भोकातून वाफ आणि पाणी भट्टीत शिरते. रेल्वे इंजिनांनी ही गुडदी पुढे शतकभर वागवली. गाडीवर बसवलेले, माणसाच्या हाताशिवाय आपोआप चालणारे आगीविरुद्धचे पहिले साधन म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येईल. मात्र मोठ्या इंजिनांत त्या भोकातून येणारे पाणी भट्टी विझवायला सहसा पुरेसे नसे. गुडदीचे खरे काम फुत्कार टाकण्याचे होते: पाणी संपले, सावध व्हा. आज इमारतींच्या छतांना जे तुषार लावलेले असतात, त्यांच्या तोंडाशी काचेची एक छोटी कुपी असते. ती साधारण ६८ अंशांना फुटते आणि पाणी सुटते. तत्त्व ट्रेव्हिथिकचेच आहे. फरक इतकाच की गुडदी मुख्यतः सांगत होती आणि कुपी विझवते. सांगणे आणि विझवणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

आग डब्यात आली ती उजेडासाठी. आधी तेलाचे दिवे, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्याखालच्या टाक्यांत दाबून भरलेला गॅस. डबे लाकडाचे. अपघात झाला की टाक्या फुटत आणि इंजिनातल्या निखाऱ्यांची गाठ गॅसशी पडे. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे सैनिकांची गाडी अशीच जळाली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर विजेचे दिवे आणि पोलादी डबे यांचा आग्रह वाढला. आपल्याकडे पेरांबूरचा डब्यांचा कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि पोलादी डबा हा भारतीय रेल्वेचा नेहमीचा डबा झाला. पण पोलादाच्या आत गाद्या, पडदे, प्लायवूड, रंगांचे थर आणि वायरी राहिल्याच. त्यात प्रवाशांचे सामान, चहाच्या शेगड्या आणि चोरून आणलेले रॉकेल-गॅस यांची भर. ज्वालाग्राही वस्तू गाडीत आणणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहे. हजार रुपयांचा हा आकडा वाचताना आता कोणाच्या अंगावर काटा येत असेल असे वाटत नाही.

डब्यातली आग विझवण्याची साधनेही स्थिर राहिली नाहीत. आम्ल आणि सोडा यांच्या संयोगातून वायू तयार होऊन पाणी फेकणारे नळकांडे आले. कार्बन टेट्राक्लोराईड आले, पण तापल्यावर त्यातून विषारी फॉस्जीन निघतो हे कळल्यावर ते मागे पडले. हॅलॉन वायू फारच कार्यक्षम ठरला, पण तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रिअल कराराने त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवले. कार्बन डायऑक्साईड यंत्रांच्या बंद खोलीत उत्तम, पण माणसे बसलेल्या डब्यात सोडला तर आगीआधी माणसेच गुदमरतील. इतक्या वळणांनंतर रेल्वेचे डबे पुन्हा पाण्याकडे आले, हे मोठे मौजेचे आहे. मात्र आता ते बादलीतले पाणी नाही. नायट्रोजनच्या दाबाने बारीक छिद्रांतून सोडलेले ते धुके असते. थेंब जितका बारीक तितका तो लवकर वाफ होतो, वाफ होताना आगीची उष्णता ओढून घेतो, आणि एका लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होऊन आगीजवळचा प्राणवायू बाजूला सारते. थोड्या पाण्यात काम होते आणि माणसाला त्या धुक्यात श्वास घेता येतो. भारतीय रेल्वेने डिझेल जनित्रे वाहणाऱ्या पॉवर कारमध्ये आणि स्वयंपाकाच्या पँट्री कारमध्ये आग ओळखून आपोआप विझवणाऱ्या यंत्रणा बसवल्या. विजेच्या कपाटांत आणि स्वच्छतागृहांत पोटॅशियमच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण सोडून ज्वलनाची साखळी तोडणारी दुसरी पद्धत वापरतात. २०१९ साली सुरू झालेल्या वंदे भारत गाड्यांत ती आहे.

वातानुकूलित डब्यांतली यंत्रणा निराळी आहे. छतातल्या नळीतून डब्यातली हवा थोडीथोडी ओढून तपासली जाते. धूर आढळला की भोंगा वाजतो, दिवे लागतात आणि गाडीला ब्रेक लागतो. ही यंत्रणा आग विझवत नाही. ती ट्रेव्हिथिकच्या गुडदीसारखी सांगते, आणि गाडी थांबवते.

आणि बिगरवातानुकूलित डबे? भारतीय रेल्वेचा बहुसंख्य प्रवासी ज्या शयनयान आणि जनरल डब्यांत बसतो, तिथे आगीसाठी असलेली मुख्य व्यवस्था म्हणजे हाताने चालवायची नळकांडी. आणि साखळी.

महाराष्ट्राच्या आठवणीतले दोन हिवाळी अपघात अवघ्या अकरा दिवसांच्या अंतराने घडले. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बंगळूरहून नांदेडला येणाऱ्या एक्स्प्रेसचा वातानुकूलित डबा आंध्र प्रदेशात अनंतपूर जिल्ह्यात पेटला आणि २६ माणसे मृत्यू पावली. बंद काचांचा डबा, झोपेची वेळ आणि धूर. ज्वाळेच्या आधी धूर मारतो, हे अशा प्रत्येक अपघातात पुन्हा नव्याने कळते. त्यानंतर ८ जानेवारी २०१४ रोजी, पुन्हा पहाटेपूर्वीच, वांद्रे-डेहराडून एक्स्प्रेसचे तीन शयनयान डबे डहाणू-घोलवडच्या परिसरात पेटले आणि नऊ प्रवासी गेले. या गाडीत काहीतरी जळते आहे हे पाहिले ते लोहमार्गालगतच्या फाटकावरच्या गेटमनने, आणि त्याने गाडीपर्यंत खबर पोहोचवली. धावणाऱ्या गाडीतली आग गाडीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसली. मृतांचा आकडा नऊवर थांबला त्यात त्या नजरेचा वाटा असणार. पण गाडीच्या आत अशी नजर नव्हती, हेही तितकेच खरे.

सगळ्याच आगी माणसे घेत नाहीत. २९ जानेवारी २०२२ रोजी नंदुरबारजवळ गांधीधाम-पुरी एक्स्प्रेसची पँट्री कार पेटली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून अहमदनगरकडे (आता अहिल्यानगर) येणाऱ्या गाडीचे पाच डबे जळाले. दोन्ही वेळा दिवस होता, माणसे जागी होती, गाडी थांबली, माणसे उतरली, जीवितहानी झाली नाही. वृत्तपत्रांत या बातम्या दोन दिवस टिकल्या.

याउलट, आग नसतानाही माणसे मेली आहेत. आमच्या मते रेल्वेतील आगीच्या मराठी इतिहासातले सर्वांत अवघड प्रकरण हेच आहे. १३ ऑक्टोबर १९९३ रोजी मुंबईत कांजुरमार्गजवळ एका लोकलच्या स्त्रियांच्या डब्यात आग लागल्याची आवई उठली. गाडी थांबली, बायकांनी शेजारच्या रुळांवर उड्या टाकल्या आणि त्या रुळांवरून दुसरी लोकल आली. चाळीसहून अधिक स्त्रिया ठार झाल्या. एकतीस वर्षांनी, २२ जानेवारी २०२५ रोजी, जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ जवळजवळ तीच घटना पुन्हा घडली. लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याचे कोणीतरी म्हणाले, साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसे उतरली, आणि शेजारच्या मार्गावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा माणसे गेली. आग नव्हती.

'अफवा' हा शब्द अरबीतून आला आहे आणि मुळात तो अनेकवचनी आहे. त्याचा अर्थ 'तोंडे'. एका डब्यात बहात्तर, ऐंशी, गर्दीच्या दिवसांत दोनशे तोंडे असतात. त्यांच्यापैकी एकाने 'आग' म्हटले की उरलेल्यांनी काय करायचे? वर्तमानपत्रांतून आणि नंतर समाजमाध्यमांतून अशा प्रवाशांना बिनडोक ठरवणारी वाक्ये पुष्कळ वाचायला मिळाली. ती अन्यायाची आहेत. त्या डब्यात 'आग नाही' असे अधिकाराने सांगणारा एकही आवाज नव्हता. चाकाला ब्रेक चिकटून राहिला तरी धूर येतो, ठिणग्या उडतात, जळका वास सुटतो, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला या धुराचा आणि आगीच्या धुराचा फरक कळणे शक्य नसते. ज्याला डहाणू आठवते त्याने उडी मारली तर त्याला दोष कसा द्यायचा?

प्रवाशाच्या हाती जे साधन दिले आहे ते साखळी. तिची रचना सुंदर आहे. गाडीभर गेलेल्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो इतका हवेचा दाब असतो. साखळी ओढली की नळीची एक झडप उघडते, दाब पडतो आणि ब्रेक लागू लागतात. विनाकारण ओढणाऱ्याला कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण साखळीला एकच क्रियापद येते: थांबा. का थांबा, कोण पडले, काय पेटले, कोणत्या बाजूने उतरा, उतरू नका, यांतले एकही वाक्य तिला बोलता येत नाही. आणि थांबणे हेच नेहमी शहाणपणाचे असते असेही नाही. कांजुरमार्गला आणि परधाड्याला गाडी थांबली नसती तर ती माणसे वाचली असती.

थांबण्याचा हा प्रश्न कोकणात अधिक टोकदार होतो. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी त्यातून बाहेर पडायला चार मिनिटे घेते, ताशी चाळीसने जाणारी जवळजवळ दहा. वेळणेश्वर-हेदवीचा मुंबईत राहणारा माणूस चिपळूणलाच उतरतो, त्यामुळे हा बोगदा त्याच्या वाटेत येत नाही. पण रत्नागिरी, कुडाळ, मडगावला जाणारा प्रत्येक जण त्यातून जातो. तिथे गाडीत धूर झाला तर साखळी ओढायची की नाही?

जपानी रेल्वेने या प्रश्नाचे उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळवले. होकुरिकू बोगदा सुमारे चौदा किलोमीटरचा. डिसेंबर १९६९ मध्ये त्यातून जाणाऱ्या एका गाडीला आग लागली. नियम असा होता की आग दिसताच गाडी जिथे असेल तिथे थांबवायची. चालकाने नियम मोडून गाडी बोगद्याबाहेर काढली, तिथे आग विझवली, सगळे प्रवासी वाचले, आणि नियमभंगाबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. ६ नोव्हेंबर १९७२ च्या रात्री त्याच बोगद्यात 'कितागुनी' एक्स्प्रेसचा भोजनाचा डबा पेटला. या वेळी नियम पाळला गेला. गाडी बोगद्यात थांबली, जळता डबा सोडवण्याचा प्रयत्न चालू असताना वीज गेली, आणि तीस माणसे धुरात मेली. त्यानंतर जळत्या गाड्या चालवून प्रयोग झाले, नियम उलटा झाला (बोगद्यात थांबू नका, बाहेर पडा) आणि पहिल्या चालकावरची कारवाई मागे घेण्यात आली. युरोपात लांब बोगद्यांतून जाणाऱ्या गाड्यांना आग लागल्यावरही ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने पंधरा मिनिटे धावता आले पाहिजे, असा दंडक आहे.

ऑस्ट्रियातल्या काप्रून येथे ११ नोव्हेंबर २००० रोजी बोगद्यातल्या केबल रेल्वेला लागलेल्या आगीत १५५ माणसे गेली. तिथली नळकांडी चालकाच्या बंद खोलीत होती आणि प्रवाशांना दारे आतून उघडता येत नव्हती. जी बारा माणसे गाडीतून वाचली ती आगीच्या बाजूने, खाली उतरत गेली. बाकीची धुराबरोबर वर चढली. दक्षिण कोरियात देगूच्या भुयारी रेल्वेत १८ फेब्रुवारी २००३ रोजी १९२ माणसे मेली. त्यांपैकी पुष्कळ जण आग लागलेल्या गाडीत नव्हते. ते समोरून येऊन शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या गाडीत होते, आणि सूचनेची वाट पाहत बसले होते. अफवेने उड्या मारायला लावले ती माणसे आणि सूचनेअभावी बसून राहिली ती माणसे, यांच्यात आम्हांला तरी फार अंतर दिसत नाही.

म्हणून अग्निशमन यंत्रणेची चर्चा पाणी की वायू, धुके की कण एवढ्यावर थांबते तेव्हा ती अपुरी वाटते. या यंत्रणेचे दोन भाग आहेत. विझवण्याचा भाग गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडे बराच सुधारला आणि त्याचे श्रेय अभियंत्यांना दिलेच पाहिजे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. विजेच्या इंजिनातूनच डब्यांना वीज देता येऊ लागली की डिझेल घेऊन धावणाऱ्या जनित्रांचे काम उरत नाही, म्हणजे एक मोठा पेट घेणारा साठाच गाडीतून कमी होतो. सांगण्याचा भाग मात्र तिकिटाच्या वर्गाप्रमाणे वाटला गेला आहे. वातानुकूलित डब्यातल्या माणसासाठी छतातली नळी हवा हुंगते. वंदे भारतमध्ये चालकाशी बोलण्याचे बटण आहे. जून २०२३ पासून ती मुंबईहून मडगावला जाते. मुंबईच्या लोकलमध्ये आता उद्घोषणा होते, आणि १९९३ च्या तुलनेत हा फरक लहान नाही. गणपतीत कोकणात जाणारा चाकरमानी ज्या डब्यात दाराशी पिशवीवर बसलेला असतो, तिथे यांतले काही नाही.

अगदी अलीकडे एक बदल झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमृत भारत या बिगरवातानुकूलित गाड्यांच्या सुधारित आवृत्तीत आग ओळखणारी यंत्रणा आणि आणीबाणीत बोलण्याची सोय देण्यात आली. बिगरवातानुकूलित डब्यांत आग ओळखणारी यंत्रणा येण्याची ही पहिली वेळ. अशा गाड्या अजून थोड्या आहेत. बाकीच्या शयनयान आणि जनरल डब्यांत खिडकीच्या वर तीच लाल साखळी आहे, आणि तिच्याखाली दंडाची तीच पाटी.